फिजिशियन असोसिएट कोर्ससाठी सरकारी अनुदान : गोव्यातल्या संस्थेने अर्ज कसा बांधायचा

फिजिशियन असोसिएट किंवा फिजिशियन असिस्टंट या नावाची अनुदान योजना शोधायला बसलात तर आठवडाभर पोर्टलं चाळूनही हाती फारसे लागणार नाही. डॉक्टरच्या देखरेखीखाली काम करणारे आरोग्यसेवक घडवणारा हा कोर्स १९६५ साली अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात सुरू झाला. पहिल्या तुकडीत नौदलातून परतलेले चार वैद्यकीय सहायक होते. तिथल्या कायद्यात प्राथमिक आरोग्यसेवेच्या प्रशिक्षणासाठी जी तरतूद होते, तिच्यातला १५ टक्के वाटा या कोर्सेससाठी बाजूला काढलेला असतो. आपल्याकडच्या आरोग्य व्यवसायांसाठीच्या २०२१ च्या कायद्यात असा राखीव वाटा नाही. इथे पैसा तुकड्यातुकड्यांनी येतो. यंत्रे एका खात्यातून, पगार झालाच तर दुसऱ्यातून, विद्यार्थ्याची फी तिसऱ्यातून. त्यामुळे 'कोर्ससाठी मदत मिळावी' असा एक अर्ज करून बसण्यापेक्षा खर्च आधी फोडायचा आणि प्रत्येक तुकड्याला त्याचे खाते गाठून द्यायचे. पुढचे बहुतेक सगळे या एका कामाबद्दल आहे.

नाव आणि परवानगी

कायद्याचे नाव नॅशनल कमिशन फॉर अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स ॲक्ट, २०२१. त्याच्या परिशिष्टात व्यवसायांचे दहा गट आहेत आणि आपला कोर्स 'मेडिकल टेक्नॉलॉजिस्ट्स अँड फिजिशियन असोसिएट' या गटात येतो. भारतात हा कोर्स १९९२ च्या सुमारास चेन्नईत सुरू झाला तेव्हापासून 'फिजिशियन असिस्टंट' हे नाव रुळले आहे, बोलताना ते वापरायला हरकत नाही. अर्जात मात्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत 'फिजिशियन असोसिएट' हेच लिहा. कारण साधे आहे. 'असिस्टंट' वाचले की टेबलावरचा कारकून त्याला जनरल ड्यूटी असिस्टंटच्या रांगेत बसवतो, म्हणजे काही महिन्यांच्या कौशल्य प्रशिक्षणात. मग फाइल कौशल्य विकासाकडे जाते, तिथून 'हा पदवी कोर्स आहे, आमचा विषय नव्हे' असा शेरा मारून परत येते, आणि तोवर चतुर्थी येऊन गेलेली असते. दुसऱ्या परिच्छेदातच स्पष्ट लिहा की ही विद्यापीठाची पदवी आहे, पदवीधर नोंदणीकृत डॉक्टरच्या देखरेखीखाली काम करतो आणि स्वतंत्र प्रॅक्टिस करत नाही. हे शेवटचे वाक्य गाळू नका. वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या मनातली पहिली शंका तीच असते.

या कायद्याखालचा राष्ट्रीय आयोग आणि राज्य परिषद ही परवानगी देणारी ठिकाणे आहेत, पैसे देणारी नव्हेत. नवीन संस्था काढायची, नवीन कोर्स सुरू करायचा किंवा जागा वाढवायच्या तर राज्य परिषदेची पूर्वपरवानगी लागते. परिषद शिक्षक, जागा, यंत्रे, रुग्णालयाची सोय यांच्याबरोबर संस्थेची आर्थिक ताकदही पाहते. आणि अनुदान देणारे खाते विचारते, परिषदेची परवानगी कुठे आहे? इथे बऱ्याच संस्था अडकतात. अनुदान येईल या भरवशावर परिषदेकडे अर्ज केला तर आर्थिक ताकदीचा रकाना रिकामा दिसतो. परवानगीशिवाय अनुदान मागितले तर फाइल 'प्रलंबित'मध्ये जाते.

यातून वाट एकच. पहिल्या तुकडीचे पहिले वर्ष अनुदानाशिवाय चालेल एवढा पैसा संस्थेच्या नावावर मुदत ठेवीत किंवा बँकेच्या मंजूर कर्जाच्या रूपाने दाखवा आणि त्या जोरावर परवानगी मिळवा. अनुदानाचा अर्ज यंत्रांच्या पुढच्या टप्प्यासाठी आणि दुसऱ्या वर्षापासूनच्या खर्चासाठी लिहा. दरम्यानच्या काळात अनुदानाच्या अर्जाला परिषदेकडे केलेल्या अर्जाची पोच जोडता येते, पण मंजुरीपत्र तिच्यावर निघेल अशी आशा धरू नका.

गोवा विद्यापीठाची संलग्नता ही वेगळी वाट आहे आणि ती परिषदेच्या वाटेबरोबरच चालावी लागते. अभ्यासक्रमाचे तास दोन्हीकडे सारखेच दाखवा. कायद्याप्रमाणे हेल्थकेअर प्रोफेशनलची पदवी किमान ३,६०० तासांची, तीन ते सहा वर्षांत पसरलेली असावी लागते. अनेक विद्यापीठांत तीन वर्षे वर्ग आणि एक वर्ष इंटर्नशिप अशी चार वर्षांची रचना चालत आली आहे. आयोगाने आता स्वतःचा अभ्यासक्रम काढला आहे. वेळापत्रक त्यावरून बेता, शेजारच्या राज्यातल्या कॉलेजच्या माहितीपुस्तिकेवरून नको.

अर्ज कोण करतो, त्यावर दार ठरते

सरकारी मेडिकल कॉलेज, अनुदानित कॉलेज आणि खासगी सोसायटी किंवा ट्रस्ट या तिघांसाठी दारे वेगळी आहेत.

बांबोळीच्या गोमेकॉसारख्या (गोवा मेडिकल कॉलेज) सरकारी कॉलेजसाठी केंद्राच्या मनुष्यबळ आणि वैद्यकीय शिक्षणाच्या योजनेत राज्यांच्या मेडिकल कॉलेजांना पॅरामेडिकल कोर्ससाठी एकरकमी मदतीचा घटक राहिला आहे. तिथे खासगी संस्थेला थेट शिरकाव नाही. प्रस्ताव राज्याच्या आरोग्य खात्यामार्फतच जातो. केंद्रपुरस्कृत योजनेत गोव्याचे प्रमाण सर्वसाधारणपणे ६०:४० असते. एक कोटीचा प्रस्ताव असेल तर ६० लाख केंद्राचे आणि ४० लाख राज्याचे, आणि हे ४० लाख राज्याच्या अर्थसंकल्पात कुठल्या तरी शीर्षाखाली आधी दिसले पाहिजेत. केंद्राचा हिस्सा मंजूर, पण राज्याच्या हिश्शाची तरतूदच नाही, म्हणून पैसा अडकला, हे वरचेवर होते. प्रस्तावाबरोबर अर्थखात्याची सहमती जोडली तर ही अडचण टळते. खासगी संस्थेने या घटकाचा फायदा घ्यायचा असेल तर सरकारी कॉलेजबरोबर करार करून स्किल लॅब (प्रात्यक्षिकांच्या सरावाची खोली) किंवा शिक्षक वाटून घेण्याचा विचार करावा.

अनुदानित कॉलेजांनी एक गैरसमज काढून टाकावा. कॉलेज अनुदानित आहे म्हणून त्यात सुरू केलेला नवा कोर्स आपोआप अनुदानित होत नाही. नवे कोर्स बहुधा स्वयंअर्थसहाय्यित म्हणून सुरू होतात आणि पगाराच्या अनुदानाची मागणी स्वतंत्र प्रस्तावाने करावी लागते. पहिल्या दोन वर्षांचे पगार फीमधून किंवा संस्थेच्या पैशातून भागतील असाच हिशोब मांडा.

खासगी सोसायटी किंवा ट्रस्टचा रस्ता सर्वांत लांबचा. महाराष्ट्रातून आलेल्या सल्लागारांचे इथे हमखास चुकते, कारण ते धर्मादाय आयुक्तांचे नोंदणीपत्र मागतात. गोव्यात सोसायटी १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली नोंदली जाते आणि ट्रस्टचा दस्त उपनिबंधकाकडे नोंदवतात. केंद्राच्या पोर्टलवर अर्ज भरताना नोंदणीचा प्रकार निवडताना हे लक्षात ठेवा. चुकीचा प्रकार निवडला तर नंतर कागद जुळत नाहीत.

खर्च फोडणे

हे काम नीट जमले तर अर्ध्या अडचणी आधीच मिटतात. केंद्राचे अनुदान तीन निरनिराळ्या शीर्षांखाली निघते : ३१ म्हणजे सर्वसाधारण खर्च, ३५ म्हणजे भांडवली मालमत्ता उभारणे, ३६ म्हणजे पगार. मंजुरीपत्रात जो आकडा ज्या शीर्षाखाली असेल तो तिथेच खर्च करायचा. ३५ खालचे पैसे उरले म्हणून त्यातून शिक्षकाचा पगार दिला तर तो खर्च अमान्य होतो, मग शिक्षक कितीही गरजेचा असो. म्हणून अंदाजपत्रक पहिल्यापासूनच या तीन रकान्यांत लिहा.

समजा २० विद्यार्थ्यांची तुकडी आहे. स्किल लॅबमध्ये पाच विद्यार्थ्यांमागे एक सीपीआर मॅनिकिन (छाती दाबण्याच्या सरावाचा पुतळा) धरला तर चार मॅनिकिन, सलाइन लावायच्या सरावासाठी चार कृत्रिम हात, दोन ईसीजी यंत्रे, तपासणीची पाच बाकडी, टाके घालायच्या सरावाचे २० पॅड. नेमकी यादी अभ्यासक्रमातल्या निकषांशी पडताळून घ्या, पण प्रमाण मांडण्याची पद्धत हीच ठेवा : वस्तू, संख्या, किती विद्यार्थ्यांमागे एक, आणि कुठल्या विषयाच्या कुठल्या प्रात्यक्षिकाला. शेवटचा रकाना बहुतेकांच्या अर्जात नसतो. तो असला की छाननी समितीला 'चारच का, दोन का नाहीत' असे विचारायची गरज उरत नाही.

आता शीर्षे. मॅनिकिन, ईसीजी यंत्र, बाकडी ३५ मध्ये. त्यांची वाहतूक आणि बसवण्याचा खर्च यंत्राबरोबर ३५ मध्येच धरतात. वार्षिक देखभाल करार मात्र ३१ मध्ये. ईसीजीचा कागद, जेल, हातमोजे, सुया, टाक्यांचे पॅड ही संपणारी सामग्री, म्हणून ३१. सॉफ्टवेअरचे दरवर्षी भरायचे वर्गणीशुल्क ३१ मध्ये येते. ते ३५ मध्ये दाखवल्यामुळे ऑडिटमध्ये आक्षेप निघतात. विद्यार्थ्यांना म्हापसा किंवा मडगावच्या जिल्हा रुग्णालयात नेणाऱ्या बसचे भाडे ३१. बस विकत घ्यायची झाली तर ती ३५, आणि वाहन खरेदीला वेगळी मंजुरी लागते, तेव्हा भाड्यानेच भागवा.

गोव्याच्या दमट हवेत एक खर्च अंदाजपत्रकात हमखास राहून जातो : स्किल लॅबला डीह्युमिडिफायर किंवा वातानुकूलन. पावसाळ्याचे चार महिने बंद खोलीत ठेवलेल्या मॅनिकिनच्या त्वचेला बुरशी धरते आणि सेन्सर गंजतात. हे लिहिताना लाजू नका, कारण नंतर वेगळे मागितले तर मिळत नाही.

इंटर्नशिपच्या वर्षाचे विद्यावेतन हा मोठा आकडा असतो. महिना ८,००० रुपये धरले तर २० जणांचे बारा महिन्यांचे १९,२०,००० रुपये होतात. हा खर्च अनुदानात मागण्याआधी ज्या रुग्णालयात इंटर्न काम करणार आहेत त्यांनी किती उचलावा हे करारात ठरवून घ्या. सगळा भार अनुदानावर टाकलेला दिसला की समितीला वाटते, रुग्णालयाला या मुलांची गरजच नाही.

एक वस्तू, एक दाता

अर्जात जाहीर करावे लागते की याच कामासाठी दुसऱ्या खात्याकडे किंवा राज्य सरकारकडे मदत मागितली आहे का, मिळाली आहे का. अनेक ठिकाणांहून पैसा गोळा करायचा असल्यामुळे आपल्या कोर्सला हे कलम सर्वांत जास्त लागू पडते. एक तक्ता ठेवा. डाव्या बाजूला प्रत्येक वस्तू किंवा पद, वर प्रत्येक दाता, आणि एका ओळीत एकच टिक. दोन टिका दिसल्या की थांबा. एकच ईसीजी यंत्र खासदार निधीतही आणि केंद्राच्या अनुदानातही दाखवले तर पैसे व्याजासकट परत मागतात आणि पुढच्या वेळी त्या खात्याचे दार बंद होते. हा तक्ता लपवू नका, प्रत्येक अर्जाला जोडा. त्यातून उलट फायदा होतो : बाकीचा खर्च कोण उचलतो आहे हे दिसले की खात्याला आपला तुकडा मंजूर करणे सोपे जाते.

गोव्यातले जवळचे स्रोत

खाणपट्ट्यातल्या संस्थांनी डिस्ट्रिक्ट मिनरल फाउंडेशनचा, म्हणजे खाणबाधित भागासाठीच्या जिल्हा निधीचा, विचार आधी करावा. उत्तर गोवा आणि दक्षिण गोवा अशी फाउंडेशन आहेत, आणि आरोग्य, शिक्षण, कौशल्य विकास हे त्याच्या अग्रक्रमाच्या विषयांत मोडतात. २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ८८ खाणपट्टे रद्द झाल्यावर डिचोली, सत्तरी, सांगे, धारबांदोड्यात रोजगाराची जी पोकळी झाली, तिचा इथे थेट संबंध लागतो. पण पैसा खाणबाधित भागातल्या लोकांसाठी आहे, पणजीतल्या कॅम्पससाठी नाही. म्हणून प्रस्ताव असा मांडा : स्किल लॅबची एक शाखा किंवा क्लिनिकल प्रशिक्षणाची खोली वाळपई, सांगे किंवा डिचोलीच्या सरकारी आरोग्य केंद्रात उभारायची, यंत्रे त्या आरोग्य केंद्राच्या मालकीची राहतील, आणि बाधित गावांतल्या विद्यार्थ्यांना प्रवेशात व फीमध्ये प्राधान्य. गावांची नावे फाउंडेशनच्या यादीतल्या नावांशी तंतोतंत जुळली पाहिजेत. वाड्याचे नाव घातले आणि यादीत महसुली गाव असले तर छाननीत गळते.

खासदार निधी टिकाऊ मालमत्तेसाठी मिळतो, पगार आणि सामग्रीसाठी नाही. दर खासदाराला वर्षाला पाच कोटी असतात आणि मागणाऱ्यांची रांग मोठी असते. मॅनिकिनचा संच किंवा प्रशिक्षण खोलीतली यंत्रे एवढाच छोटा, मोजता येणारा तुकडा त्यांच्याकडे न्या. संस्था खासगी असेल तर रकमेवर मर्यादा आणि मालमत्तेच्या वापरावर अटी येतात.

पदवी झाल्यावरच्या ॲप्रेंटिसशिपसाठी राष्ट्रीय योजना आहे, नॅट्स. तिचे पश्चिम विभागाचे कार्यालय मुंबईत आहे आणि गोवा त्याच्या अखत्यारीत येतो. ठरलेल्या किमान विद्यावेतनाचा निम्मा भाग सरकार देते. ३० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला ॲप्रेंटिस घेणे बंधनकारकच आहे, हे खासगी रुग्णालयाच्या व्यवस्थापनाला सांगितले की बोलणे सोपे होते. करार पोर्टलवर आधी नोंदवायचा आणि मग मुलाला कामावर घ्यायचे. उलट केले तर त्या दिवसांचा सरकारी वाटा जातो. पदवीच्या आत मोडणारी सक्तीची इंटर्नशिप आणि ही पदवीनंतरची ॲप्रेंटिसशिप एकच समजू नका, कागद वेगळे आहेत.

विद्यार्थ्याच्या हातात जाणाऱ्या पैशाकडे संस्था फारसे पाहत नाहीत, पण फी वसूल होण्याची खात्री त्यातूनच येते. गोव्यात २००३ पासून गावडा, कुणबी, वेळीप या समाजांना अनुसूचित जमातीचा दर्जा आहे. त्यांच्यासाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि आदिवासी कल्याण संचालनालयाच्या योजना आहेत. काणकोण, केपे, सांगे भागातून विद्यार्थी येणार असतील तर प्रवेशाच्या दिवशीच जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन ठेवा, कारण पोर्टलची मुदत संपायच्या आठवड्यात मामलेदार कचेरीत उभे राहायला जागा नसते. गोवा शैक्षणिक विकास महामंडळाचे बिनव्याजी शैक्षणिक कर्जही आहे. कोर्स मान्यताप्राप्त असल्याचा कागद लागतो, म्हणजे पुन्हा परिषदेची परवानगी.

कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा) पैसा सरकारी अनुदान नव्हे, तरी वास्कोच्या गोवा शिपयार्डसारख्या सार्वजनिक उपक्रमांकडे अर्ज करता येतो. संस्थेला त्यासाठी सीएसआर-१ या फॉर्मची नोंदणी हवी. एवढे पुरे.

जमीन आणि रुग्णालयाचे कागद

इमारतीसाठी पैसा मागत नसाल तर हा भाग वाचायची फारशी गरज नाही, पण स्वतःच्या जागेत लॅब उभारणार असाल तरी नजर टाका. समितीला एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या हक्कांची नोंद) हवा असतो, शहरी भागात त्याऐवजी डी फॉर्म. उताऱ्यावर संस्थेचे नाव हवे, अध्यक्षांचे किंवा त्यांच्या आजोबांचे नाही. गोव्यातल्या जुन्या भाटांवर दहा-बारा वारसांची नावे असतात, पती-पत्नी दोघांची संमती लागते, आणि इतर हक्कांच्या रकान्यात मुंडकाराची (भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याची) नोंद असेल तर तिचा निकाल लागेपर्यंत भांडवली अनुदान निघणे कठीण. कोमुनिदादची, म्हणजे गावसंस्थेच्या सामायिक मालकीची, जमीन असेल तर भाडेपट्ट्याचा कागद स्वतंत्रपणे तपासून घ्या. जमीन शेतीची असेल तर रूपांतराची सनद. बांधकामाचा अंदाज गोवा शेड्यूल ऑफ रेट्सच्या दरांनी काढलेला आणि सक्षम अभियंत्याच्या सहीचा हवा. ठेकेदाराने दिलेला एकरकमी आकडा चालत नाही.

भाड्याच्या जागेत कोर्स असेल तर भाडेकरार नोंदणीकृत आणि अनुदानाच्या मुदतीपेक्षा बराच लांबचा असावा. ११ महिन्यांच्या करारावर ३५ खालचा पैसा मिळणार नाही, हे सांगायला नको.

रुग्णालयाशी करार हा या कोर्सच्या अर्जाचा कणा आहे. सरकारी आरोग्य केंद्रांसाठी आरोग्य सेवा संचालनालयाची लेखी परवानगी लागते, केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याचे 'हरकत नाही' पुरत नाही. करारात वॉर्डनिहाय विद्यार्थ्यांची संख्या, कोणता डॉक्टर देखरेख करणार त्याचे पद, रात्रपाळी असेल का, सुई टोचण्यासारखा अपघात झाला तर उपचाराचा खर्च कोणाचा, आणि विद्यार्थ्याने काय करायचे नाही, हे सगळे हवे. त्याच वॉर्डात नर्सिंगचे विद्यार्थी आणि एमबीबीएसचे इंटर्न असतात. एका खाटेभोवती तीन कोर्सेसची मुले उभी राहणार नाहीत, हे वेळापत्रकातून दाखवा. छाननीला बसलेला डॉक्टर हेच पान आधी उघडतो.

नोंदण्या, आणि नावांचा घोळ

केंद्राच्या अनुदानासाठी बिगरसरकारी संस्थेला एनजीओ दर्पण या सरकारी पोर्टलवरचा क्रमांक, संस्थेचे पॅन, पीएफएमएसवर (सरकारी पैसे पाठवण्याची ऑनलाइन प्रणाली) नोंदलेले बँक खाते आणि मागच्या वर्षांचे ऑडिट झालेले हिशोब लागतात. फॉर्म भरणे अवघड नाही. अडते ते नावांपाशी. दर्पणवर पदाधिकाऱ्यांचे नाव पॅनप्रमाणे लागते, आणि गोव्यात एकाच माणसाचे आडनाव तीन कागदांवर तीन प्रकारे असते. पोर्तुगीज काळातल्या किंवा त्या वळणाच्या जन्मनोंदीत नाईकचा शेवट 'क्यू, यू, ई'ने, पॅनवर 'के'ने. प्रभूचे कुठे 'पोरोबो'. शाळेच्या दाखल्यावर तिसरेच. कार्यकारिणी निवडून झाली की लगेच सगळ्यांची पॅन, आधार आणि ठरावातली नावे एका कागदावर मांडून पाहा. फरक असेल तर पॅन दुरुस्त करून घ्या, गरज पडल्यास गोव्याच्या १९९० च्या नाव आणि आडनाव बदल कायद्याखाली अर्ज करा. अर्जाच्या शेवटच्या आठवड्यात हे होत नाही.

बँक खात्याचेही तसेच. जुन्या संस्थांची खाती कॉर्पोरेशन किंवा सिंडिकेट बँकेत होती. २०२० मध्ये त्या अनुक्रमे युनियन आणि कॅनरा बँकेत विलीन झाल्या आणि आयएफएससी कोड बदलले. पोर्टलवर जुना कोड राहिला तर पैसे निघतात आणि परत जातात. ३१ मार्चच्या आसपास परत गेलेले पैसे त्या वर्षात पुन्हा निघतील याचा भरवसा नाही.

अर्ज आणि कागद इंग्रजीतच द्या. गोव्याच्या राजभाषा कायद्याने मराठीत पत्रव्यवहार करता येतो, पंचायतीशी आणि काही खात्यांशी तो करावाही, पण दिल्लीला जाणाऱ्या फाइलवर भाषांतराची वाट पाहण्यात महिना जातो.

वेळेचे गणित राज्याच्या अर्थसंकल्पावर ठरते. राज्याकडून तरतूद हवी तर खात्यांचे पुढच्या वर्षाचे अंदाज तयार होतात त्या शरद ऋतूत, म्हणजे दिवाळीच्या आसपास, प्रस्ताव खात्याच्या टेबलावर असायला हवा. फेब्रुवारीत मंत्र्यांना भेटून काही होत नाही, आकडे तोवर छापायला गेलेले असतात. निवडणुकीची आचारसंहिता लागली तर नव्या मंजुऱ्या थांबतात, तो काळही आधीच धरा.

पैसे आल्यावर

अनुदानासाठी स्वतंत्र बँक खाते ठेवा. व्याज तुमचे नाही, हिशोब झाल्यावर ते सरकारी तिजोरीत भरायचे असते. खर्च पीएफएमएसच्या ईएटी या खर्च-नोंदणीच्या मॉड्यूलमधून करायचा तर एकाने देयक तयार करायचे आणि दुसऱ्याने मंजूर करायचे. दोघांच्या डिजिटल सह्या आणि मोबाइल चालू आहेत का, ते पैसे येण्याआधी पाहा. खजिनदार गल्फमध्ये मुलाकडे गेला आणि ओटीपी तिकडे, अशी पाळी येऊ देऊ नका.

मंजुरीपत्राच्या तारखेआधीची बिले चालत नाहीत. 'नंतर पैसे येणारच आहेत' म्हणून आधी घेतलेले यंत्र संस्थेच्या खर्चातच राहते. खरेदीला तीन दरपत्रके घ्या आणि ती खरोखर तीन वेगळ्या विक्रेत्यांची असू द्या. एकाच पत्त्यावरच्या तीन फर्मची दरपत्रके ऑडिटर पहिल्या नजरेत ओळखतो. सर्वांत स्वस्त दर नाकारला असेल तर कारण त्याच दिवशीच्या खरेदी समितीच्या इतिवृत्तात लिहा, वर्षाने आठवून नको.

वर्ष संपले की उपयोगिता प्रमाणपत्र, सगळ्यांच्या तोंडचे 'यूसी'. केंद्राच्या अनुदानासाठी संस्थांनी ते जीएफआर (केंद्राचे सर्वसाधारण वित्तीय नियम) १२-ए नमुन्यात द्यायचे, आणि वर्ष संपल्यापासून १२ महिन्यांची मुदत असते. मुदत आहे म्हणून थांबू नका. पुढच्या वर्षाच्या आवर्ती अनुदानातले ७५ टक्क्यांपुढचे पैसे मागच्या वर्षाचे यूसी आणि ऑडिट झालेले हिशोब दिल्याशिवाय सुटत नाहीत. पुढच्या वर्षी ४० लाख मंजूर असतील तर ३० लाखांवर गाडी थांबते, आणि ते थांबणे नेमके इंटर्नच्या विद्यावेतनाच्या महिन्यांत जाणवते. यूसीत ३१, ३५, ३६ असे तिन्ही रकाने वेगळे भरायचे असतात. अंदाजपत्रक तसेच केले असेल तर इथे अर्ध्या दिवसाचे काम, नाहीतर दोन महिन्यांचे. शिल्लक राहिलेली रक्कम पुढच्या वर्षी वापरायची असेल तर लेखी परवानगी घ्या. गप्प बसून वापरली तर ती खर्चात धरत नाहीत.

संस्थेला वर्षात मिळालेले अनुदान २५ लाखांहून कमी नसेल आणि एकूण खर्चाच्या ७५ टक्क्यांहूनही कमी नसेल, तर हिशोब महालेखापरीक्षकांच्या कक्षेत येतात. नव्या, लहान संस्था याच कक्षेत आधी सापडतात, कारण त्यांचा दुसरा उत्पन्नस्रोत नसतो. फीचे उत्पन्न आणि सीएसआर वेगळे, नीट दाखवण्याचे हेही एक कारण.

अनुदानातून घेतलेल्या प्रत्येक यंत्रावर मंजुरीपत्राचा क्रमांक आणि वर्ष न पुसणाऱ्या शाईने लिहा आणि मालमत्ता नोंदवहीत तेच लिहा. सीपीआर मॅनिकिनची छाती रोजच्या वापराने दोन-तीन वर्षांत सैल पडते, ईसीजीच्या तारा तुटतात. अशी वस्तू भंगारात काढण्याआधी अनुदान देणाऱ्या खात्याची परवानगी लागते, आणि ती यायला वेळ लागतो. तोवर ती लॅबच्या कोपऱ्यात ठेवा आणि नोंदवहीत तारखेसह 'नादुरुस्त' लिहा, म्हणजे तपासणीला आलेल्या माणसाला चार मॅनिकिनांपैकी चौथा कुठे गेला हे विचारावे लागणार नाही.